पेंटबॉल मास्कची लेन्स काच नाही! निळा स्प्रे आणि रद्दी लांब ठेवा

परवा रविवारी पाचगणीकडच्या एका पेंटबॉल (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) ग्राउंडवर मॅच संपली आणि डोळे-तोंड झाकणारे मास्क गोळा करणाऱ्या पोरानं काय करावं? सगळे मास्क कठड्यावर ओळीनं मांडले, खिडक्या पुसायचा निळा स्प्रे काढला, आतून-बाहेरून मारला आणि रद्दी पेपरचा बोळा करून लेन्स खसाखसा घासल्या. आतल्या बाजूनंसुद्धा! तेही थर्मल, म्हणजे दोन पडद्यांच्या लेन्स. टोकलं तर वर उत्तर, "काय नाय होत वो दादा, काचच हाय की."

काच नाही रे बाबा! बाहेरचा पडदा पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकचा, आतला वेगळ्या मऊ प्लास्टिकचा, मध्ये हवेची फट आणि कडेनं फोमची चिकटपट्टी. त्या फटीमुळं आतला पडदा बाहेरच्या गारठ्यानं थंड पडत नाही, म्हणून धुकं धरत नाही. आतल्या बाजूला जो अँटी-फॉगचा थर असतो तो ओलावा शोषून, पसरवून टाकतो, थेंब होऊ देत नाही. असल्या स्प्रेत बहुतेक वेळा अमोनिया नाहीतर अल्कोहोल असतं. त्यानं तो थर उतरतो आणि पॉलिकार्बोनेटला केसासारखे तडे धरतात. आज दिसत नाहीत. सेकंदाला ३०० फुटांपर्यंतच्या वेगानं रंगाची गोळी आदळते तेव्हा दिसतात, आणि लेन्सच्या मागं कुणाचा तरी डोळा असतो.

आणि थर गेला की पुढं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, पावसाळी हवा, धापा टाकणारा माणूस. दोन मिनिटांत समोरचं काही दिसत नाही. मग नवखा गडी बंकरमागं, म्हणजे लपायच्या आडोशामागं, बसून मास्क कपाळावर चढवतो आणि टी-शर्टच्या टोकानं पुसतो. भर मैदानात! मार्शल, म्हणजे मैदानावरचा पंच, घसा फोडून ओरडत असतो, "मास्क खाली!" त्या नवख्यावर सगळे डाफरतात. अरे, त्याला तो मास्क दिला कुणी?

लाल मातीचं तर बोलायलाच नको. गुडघ्यावर रांगलं की जांभ्याची धूळ लेन्सवर बसते. ती कोरडी पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आधी फुंकर नाहीतर पाणी, मग कापड. एवढं साधं आहे.

करायचं काय, तर लेन्स फ्रेममधून काढा. क्लिपा कशा सुटतात ते शिकून घ्या, ओढू नका, कोपऱ्यातली फोमपट्टी फाटते. रंग ओला असतानाच बाहेरून स्वच्छ पाण्यानं भिजवलेलं, घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर कापड हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा. दर फेरीला घडी बदला, नाहीतर तीच घाण परत लागते. रंग वाळला असेल तर नखानं खरवडू नका, ओलं कापड पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवा. गोळीचं कवच जिलेटिनचं, आतला रंग पाण्यात विरघळणारा, आपोआप सुटतो. फारच चिकट असेल तर सौम्य साबणाचा एक थेंब, तोही फक्त बाहेरून. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचे पांढरे डाग पाडतं, म्हणून फिल्टरचं घ्या.

आतल्या बाजूला शक्यतो हातच लावू नका. धुकं किंवा घाम असेल तर आधी सावलीत वाळू द्या, कारण ओला थर मऊ पडतो आणि घासला की निघतो. रंग आत उडालाच तर वेगळं, जेमतेम ओलसर कापड टेकवून टिपा, घासू नका. आणि थर्मल लेन्स बादलीत बुडवायची नाही. कडेनं पाणी शिरलं की दोन पडद्यांच्या मध्ये ढग तयार होतो. मग हेअर ड्रायर मारून उपयोग नाही, लेन्स गेली.

सॅनिटायझरवाल्यांना तर हात जोडून सांगणं आहे. २०२० पासून लागलेली ही सवय, मास्क परत आला की मार फवारा. अल्कोहोल आहे ते! मास्कच्या फोमला घामाचा वास येतो हे मान्य, पण त्यासाठी आधी लेन्स काढा, मग फोम सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच लेन्स बसवा. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवायचा सल्ला देणारे महाभागही आहेत. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ओरखडा जात नाही, असला नसला तो थरही जातो.

मास्क साताऱ्याच्या एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकणं बंद करा. चिकटपट्टी सुटते, उन्हानं पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं. मऊ पिशवीत, लेन्सवर काही न रचता ठेवा. दर मॅचआधी लेन्स उजेडासमोर धरून कडा आणि क्लिपांच्या खाचा बघा. केसाएवढा तडा दिसला किंवा अगदी जवळून गोळी बसली, तर लेन्स बदलायची, घासाघीस नाही. आणि ती जुनी लेन्स नुसती कोपऱ्यात टाकू नका. करवतीनं कापून दोन तुकडे करा, म्हणजे गर्दीच्या रविवारी मास्क कमी पडले म्हणून कुणी ती परत फ्रेममध्ये बसवणार नाही.