‘असलं काही आम्ही ठेवत नाही’

सकाळी बीपीच्या गोळ्या आणायला गेले होते. पुढे एक पोरगा उभा, पंचविशीचा असेल, हातात चिठ्ठी आणि काखेत दवाखान्याची जाडजूड फाईल. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि दोन बोटांत धरून परत केली. ‘मॉर्फिन? असलं काही आम्ही ठेवत नाही.’ इथवर थांबला असता तरी मी गप्प बसले असते. पण रांगेकडे बघून म्हणाला, ‘हल्ली काय काय मागायला येतात!’ रांगेतले दोघं हसलेसुद्धा. पोरगा मान खाली घालून पायऱ्या उतरला.

दुपारचे तीन वाजलेत, माझं डोकं अजून ठणकतंय. म्हणून लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

माझी आत्या २००९ साली गेली. पोटाचा कॅन्सर, पाठीच्या मणक्यापर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या द्या. म्हणायला सोपं. अख्ख्या साताऱ्यात एका दुकानात मिळाली नाही. आतेभाऊ एसटीनं पुण्याला जायचा, तिथे एका मोठ्या दवाखान्यात वहीत तीन ठिकाणी सह्या करायचा आणि मोजून गोळ्या आणायचा. तो येईपर्यंत आत्या पदराचं टोक दातात धरून पडून असायची. शेजारी ऐकतील म्हणून. त्या तीन आठवड्यांत दोन साड्यांच्या पदरांचा चोथा झाला. मी स्वतः धुतल्यात त्या साड्या.

पहिली गोळी पोटात गेली, तासाभरानं तिनं डोळे उघडले आणि काय म्हणाली? ‘चहा टाक. आणि आलं घाल, कालच्यासारखा पाणचट नको.’ तिच्या तोंडून तक्रार ऐकून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आणि आमचे एक काका, नाव घेत नाही, आता तेही नाहीत, ओसरीवर बसून म्हणत होते, ‘जपून द्या रे, सवय लागेल तिला.’ सवय! महिनाभराची सोबती असलेल्या बाईला!

हे काकांचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. व्हर्सायचा तह दरवर्षी. कारणे द्या, टिपा लिहा, जर्मनीवर लादलेल्या अटी सांगा. त्याच तहात २९५ क्रमांकाचं एक कलम आहे आणि ते अफूबद्दल, म्हणजे मॉर्फिन जिच्यातून काढतात तिच्याबद्दल आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. हा तह जो मान्य करील त्यानं १९१२ चा हेगचा अफू करारही मान्य केला असं धरलं जाईल, असं ते कलम. हिंदुस्थानच्या वतीनं त्या तहावर सह्या कुणाच्या? ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यूसाहेब आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. झालं. आपण बांधले गेलो. कुणाला विचारलं होतं?

मुळात सुरुवात शांघायला, फेब्रुवारी १९०९ मध्ये. तेरा देश जमले. अध्यक्ष फिलिपिन्समधला अमेरिकन बिशप, चार्ल्स ब्रेंट. माणूस तळमळीचा असावा. पण टेबलाभोवती बसलेले बाकीचे पाहा. ब्रिटन, ज्यानं अफूसाठी चीनशी युद्धं केली. फ्रान्स, हॉलंड, पोर्तुगाल, ज्यांच्या वसाहतींच्या तिजोऱ्यांत अफूचा पैसा पडत होता. म्हणजे दारूबंदीची सभा आणि व्यासपीठावर गुत्तेवाले! ठराव झाले, बंधन कुणावर काही नाही.

आणि आपणही फार सोवळे नव्हतो हं. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची. जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी कमाई त्याच व्यापारातली, आणि त्यांच्याच देणगीतून मुंबईचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. अफूच्या पैशातून दवाखाना. त्याच मालाचा अर्क माझ्या आत्याला गोळीभर मिळेना. कुणाला दोष देत नाही, फक्त कडवट हसू येतं.

शांघायला अमेरिकेचं म्हणणं होतं, औषध सोडून अफूचा सगळा वापर बंद करा. ब्रिटिश म्हणाले, हिंदुस्थानात जमणार नाही, तिथे लोक अफू घरगुती औषध म्हणून खातात. १८९५ च्या त्यांच्या अफूवरच्या रॉयल कमिशननंही हेच सांगून ठेवलं होतं. डोळा महसुलावर होता हे शेंबडं पोरही सांगेल. पण एक कबूल करावं लागतं, ते अगदीच खोटं बोलत नव्हते. गावात डॉक्टर नाही, दवाखाना नाही, हगवण लागली, खोकला लागला की वडीलधाऱ्यांकडे अफूचीच डबी असायची.

बाळगोळी हा शब्द किती जणांना माहीत आहे? माझी आजी परळच्या गिरणीत कामाला होती. पहाटे भोंगा झाला की तान्ह्या पोरांना बाळगोळी चाटवून चाळीत झोपवून जायचं. सगळ्याच बाया द्यायच्या. त्या गोळीत अफू. आत्याही त्यावरच वाढली. वाईटच होतं ते, किती पोरं झोपेतच गेली असतील देव जाणे. पण आत्याच्या जन्माच्या वेळी ती गोळी वाण्याकडे पैशा-दोन पैशांत मिळत होती, आणि मरताना पुण्याची एसटी पकडावी लागली. हा हिशोब मला आजतागायत सुटलेला नाही.

असो. हेगला १९१२ मध्ये करार झाला, अमली पदार्थांबद्दलचा जगातला पहिला. त्यात मॉर्फिन आणि कोकेनही घेतलं आणि एक शब्दयोजना आली, ‘वैद्यकीय आणि रास्त कारणांसाठी’. फार महत्त्वाचे शब्द. पण जर्मनीचे औषध कारखाने तेव्हा जोरात, त्यामुळे त्यांची अट, बाकीच्या सगळ्या देशांनीही सही केली पाहिजे, आम्ही एकटे का बुडू? करार लोंबकळला. मग महायुद्ध, मग जर्मनी हरली आणि वर सांगितलेलं २९५ कलम. हरलेल्या देशाच्या गळ्यात बाकी धोंड्यांबरोबर हाही बांधला. वर्गात सांगितलं असतं तर पोरांनी व्हर्साय आवडीनं ऐकलं असतं.

पुढे राष्ट्रसंघाची अफू परिषद, जिनिव्हा, १९२५. अमेरिका रुसून उठून गेली, पाठोपाठ चीनही. इजिप्तनं आग्रह धरून गांजा करारात घातला. (भांग कशी सुटली, असं विचारणाऱ्यांना उत्तर: पुढे १९६१ च्या करारातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे शेंडे आले, नुसती पानं नाही आली. शिमगा वाचला.) एका देशातून दुसऱ्या देशात माल जायचा तर आयातीचा दाखला दाखवायचा, ही पद्धत तेव्हाची. १९३१ मध्ये आणखी एक आलं: प्रत्येक देशानं औषधासाठी वर्षाला किती लागेल त्याचा अंदाज कळवायचा, त्यापेक्षा जास्त बनवायचं नाही, मागवायचं नाही.

ऐकायला किती शहाणपणाचं! पण दुखतंय कुणाला आणि किती, याचा अंदाज कोण बांधणार? ज्या देशात औषध मिळतच नाही तिथे खप कमी, खप कमी म्हणून अंदाज कमी, अंदाज कमी म्हणून औषध कमी. पदर चावणाऱ्या बाईची नोंद कुठल्या रकान्यात होते?

आता म्हणाल, तुला काय, नशेनं बसलेली घरं तू पाहिली नाहीस. पाहिलीत. आमच्या गल्लीत आहे एक. करार हवेतच, कुलूप हवंच. पुढे बोलू?

तर, हे सगळे करार गोळा करून १९६१ मध्ये एकच मोठा करार केला. तो उघडा. प्रस्तावनेत सुरुवातीलाच लिहिलंय की वेदना कमी करण्यासाठी या औषधांना पर्याय नाही आणि ती मिळतील अशी तजवीज झालीच पाहिजे. सुरुवातीलाच! शेवटी बारीक टायपात नाही. त्याच करारापायी आपण १९८५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा केला, दहा-दहा वर्षांच्या शिक्षा, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, परवान्यावर परवाने. दवाखान्यांनी हात झटकले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. दुखणं काय ९७ टक्के कमी झालं होतं? आणि गंमत अशी की नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, बोंडांना चिरा देऊन चीक काढतात, सरकार तो विकत घेतं, आणि तेव्हा त्यातला बराचसा परदेशी पाठवायचं. परदेशातल्या आत्यांसाठी.

२०१४ ला कायदा बदलला. केरळात रुग्णांच्या वेदना कमी करायला झटणाऱ्या डॉ. राजगोपालांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले तेव्हा. आता मान्यता मिळालेल्या दवाखान्याला एका परवान्यात ही औषधं ठेवता येतात. चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. पण आज सकाळच्या त्या दुकानाच्या काउंटरपर्यंत ते पोचलेलं नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. दुकानदारालाही भीतीच असणार. कोण येईल, वही तपासेल, कुठल्या कलमात अडकवेल. ठेवू नको बाबा. पण हसू नको ना. आमचे काकाही वाईट नव्हते. आत्या गेल्यावर सगळ्यात जास्त तेच रडले. त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर करारांचा अर्धाच भाग ऐकला होता, ‘सवय लागेल’ एवढाच.

आत्या गेली त्या दिवशी करंड्यात चार गोळ्या उरल्या होत्या. कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवायची ती, उशाशी. मोजायची. आतेभावानं त्या चारही गोळ्या पुण्याला परत नेऊन दिल्या आणि तिथेही वहीत सही केली. मी त्या सकाळी चहा केला होता, आलं घालून. तसाच राहिला.

आज त्या पोराला मी कोपऱ्यावर गाठलं. आईसाठी हव्यात गोळ्या. मागच्या आठवड्यात डिस्चार्ज दिलाय, घरी घेऊन जा म्हणून. त्याला सांगितलं की थांब, मी विचारते. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. साताऱ्यात किंवा कराडला कुठल्या दवाखान्यात मिळतात हे कुणाला पक्कं ठाऊक असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. ‘पुण्याला जा’ असं लिहू नका, तेवढं मला माहीत आहे. आणि जमलं तर आज रात्रीच्या आत लिहा.