मार्कर वापरलेला तांदूळ म्हणजे जीएम तांदूळ नव्हे

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वाशी मार्केटमध्ये डीएनए केलेला तांदूळ आलाय, घेऊ नका.’ पुरावा म्हणून ‘मार्कर’ तंत्राने तयार केलेल्या भाताच्या वाणांची नावं दिली आहेत. म्हणजे हा तांदूळ जीएम, अर्थात बाहेरचं जनुक घालून बदललेला आहे, असं त्यात सुचवलंय. हा दावा चुकीचा आहे.

मार्कर तंत्रात बाहेरचं जनुक घालत नाहीत. दोन भातांचा नेहमीसारखा संकर करतात. मग रोप लहान असतानाच पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यातला डीएनए तपासतात. हवा तो गुण देणारं जनुक ज्या रोपात उतरलंय, ते ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. म्हणजे मार्कर ही फक्त ओळखखूण. ती नसती तर शेतात रोग पडेपर्यंत किंवा पूर येईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि त्यात हंगामच्या हंगाम जातात.

मेसेजमधलंच ‘स्वर्णा-सब१’ घ्या. त्यातलं पाणी सोसणारं जनुक आलंय ओडिशाच्या जुन्या देशी भातातून. ते ‘स्वर्णा’त आणलं, वाण २००९ मध्ये प्रसारित झालं, आणि रोप साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. ‘सुधारित पुसा बासमती १’मध्ये जिवाणूजन्य करपा रोगाला तोंड देणारी दोन जनुकं अशीच आणली, तीही भातकुळीतलीच.

भारतात जीएम भाताच्या व्यावसायिक लागवडीला परवानगीच नाही. मुरबाड-शहापूरच्या भातशेतकऱ्याच्या मालावर अशा मेसेजमुळे विनाकारण संशय येतो, म्हणून कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हा खुलासा टाकावा.