२०१४ची युरोपियन फॉर्म्युला थ्री ओकॉनने जिंकली, आणि ती त्याच्याच हक्काची होती

मॅक्स वेरस्टॅपेनच्या कारकिर्दीवर कुणीही पोस्ट टाकली की २०१४ सालाबद्दल एक ठरलेला मजकूर त्यात असतोच. सोळा वर्षांचा पोरगा, कार्टिंगमधून थेट फॉर्म्युला थ्रीमध्ये, पहिल्याच हंगामात १० विजय आणि पुढच्या वर्षी फॉर्म्युला वन. सगळं खरं आहे. फक्त त्या वर्षीचं विजेतेपद कुणाचं होतं, हे त्यात नसतं. असलंच तर 'गाडीने साथ दिली नाही म्हणून तिसरा आला' एवढ्यावर विषय मिटवलेला असतो.

मला हे मनापासून खटकतं. तो हंगाम मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, शर्यतीशेजारी गुणतक्ता उघडून ठेवून पाहिला आहे, आणि माझं मत पक्कं आहे. एस्टेबान ओकॉन त्या वर्षी चॅम्पियन झाला तो कुणाच्या दुर्दैवामुळे नाही. जी गोष्ट तो हंगाम मोजत होता, त्यात तो सगळ्यांपेक्षा सरस होता.

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) फॉर्म्युला थ्री युरोपियन चॅम्पियनशिप, म्हणजे फॉर्म्युला वनकडे निघालेल्या तरुण ड्रायव्हरांची मालिका. २०१४ला ११ फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन शर्यती, म्हणजे एकूण ३३. एप्रिलमध्ये सिल्व्हरस्टोनला सुरुवात, मग हॉकेनहाइम, पाउ, हंगारोरिंग, स्पा, नोरिसरिंग, मॉस्को, रेड बुल रिंग, न्यूरबुर्गरिंग, इमोला आणि शेवटी पुन्हा हॉकेनहाइम. चेसिस सगळ्यांचं डल्लाराचं, टायर सगळ्यांचे हँकूकचे. इंजिन मात्र संघाने निवडायचं, मुख्य लढत मर्सिडीज आणि फोक्सवॅगनमध्ये. उलटी ग्रिड, म्हणजे वेगवान ड्रायव्हरांना मुद्दाम मागून सुरुवात, असला प्रकार नाही. तिन्ही शर्यतींची ग्रिड पात्रता फेरीच्या वेळेवर ठरायची, म्हणजे जो वेगवान तो पुढे. आणि सर्किटं तरी किती निरनिराळी! स्पासारखं सात किलोमीटरचं अरण्यातलं सर्किट एकीकडे. दुसरीकडे पाउ, जिथे गावातल्याच रस्त्यांवर शर्यत होते आणि कठडा इतका जवळ असतो की हातभर चूक झाली तरी सस्पेन्शन तुटतं. न्युरेंबर्गचं नोरिसरिंग तर जेमतेम २.३ किलोमीटरचं, दोन हेअरपिन आणि मधे एक वळणांची जोडी, बस. तिथे पोल, म्हणजे सुरुवातीचा पहिला क्रमांक, आणि दहावा क्रमांक यांत सेकंदाच्या काही दशांशांचाच फरक असतो.

अशा ठिकाणी जूनच्या उत्तरार्धात वेरस्टॅपेनने जे केलं त्याला तोड नाही. स्पाच्या तिन्ही शर्यती त्याच्या. लगेच पुढच्या फेरीत नोरिसरिंगच्या तिन्ही त्याच्या. ओळीने सहा विजय. स्पाला फॉर्म्युला थ्रीच्या गाडीत आघाडीवर असणं म्हणजे खरं तर संकट असतं. ओ रूज चढून केमेलच्या सरळ पट्ट्यावर आलात की मागची गाडी तुमच्या हवेच्या आडोशाने ओढली जाते आणि ले कोम्बला पोचेपर्यंत शेजारी उभी असते. तिथे तिन्ही शर्यती जिंकायच्या तर कधी कुणाला जाऊ द्यायचं आणि कुठे परत गाठायचं, याची जाण लागते. ती त्या पोराला सोळाव्या वर्षी होती. त्याचं मोठेपण कमी करायला मी ही पोस्ट लिहीतच नाहीये.

पण आता आकडे बघा. ओकॉन ४७८ गुण, टॉम ब्लोमक्विस्ट ४२०, वेरस्टॅपेन ४११. ओकॉनचे विजय ९, म्हणजे मॅक्सपेक्षा एक कमी. विजयाला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. मॅक्सचे दहा विजय बाजूला काढले तर उरलेल्या २३ शर्यतींत त्याचे १६१ गुण होतात, शर्यतीमागे सात. ओकॉनचे नऊ विजय बाजूला काढले तर उरलेल्या २४ शर्यतींत २५३ गुण, शर्यतीमागे साडेदहा. पाचव्या क्रमांकाला १० गुण मिळतात. म्हणजे ओकॉनचे 'न जिंकलेले' दिवससुद्धा सरासरीने पाचव्या क्रमांकापेक्षा वरचे होते! ३३पैकी २१ वेळा तो पोडियमवर उभा राहिला. सगळा हंगाम एकत्र धरला तर सरासरी साडेचौदा गुण, जवळजवळ प्रत्येक शर्यतीत तिसरा आल्यासारखं.

गुणांचं गणितच असं आहे की जिंकून दुसऱ्यापेक्षा फक्त सात गुण जास्त मिळतात. पण तुमची गाडी वाळूत रुतली आणि समोरचा दुसरा आला, तर एका फटक्यात १८ गुण गेले. ते भरून काढायला त्याला अडीच वेळा हरवावं लागतं. ज्याला विजेतेपद हवंय त्याने हे गणित डोक्यात ठेवूनच ब्रेक दाबायचा असतो, आणि ओकॉन ते करत होता. तोही त्या मालिकेत नवखाच होता, हे लोक विसरतात. वयाने मॅक्सपेक्षा फक्त एका वर्षाने मोठा, फॉर्म्युला थ्रीचा पहिलाच पूर्ण हंगाम.

मुंबई क्रिकेटमध्ये ज्याला खडूस म्हणतात ना, तसा हा ड्रायव्हर आहे. विकेट फेकायची नाही. चांगला चेंडू सोडून द्यायचा, आपल्या खेळपट्टीवर आपला दिवस नसेल तर चाळीस धावा करायच्या, पण शून्यावर परत यायचं नाही. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला हा गुण समजावून सांगावा लागत नाही. रेसिंगमध्ये मात्र आपण तो पटकन 'कंटाळवाणा' ठरवून मोकळे होतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो ओकॉनच्या संघाचा. ओकॉन प्रेमा या इटालियन संघाकडून धावत होता, मर्सिडीज इंजिनसह. मॅक्स व्हॅन अमर्सफूर्टकडून, फोक्सवॅगनसह. प्रेमाची गाडी त्या काळात सर्वोत्तम होती हे कुणीच नाकारणार नाही. डॅनियल हुन्काडेया, रफाएले मार्चिएल्लो, ओकॉनच्या आधीचे दोन विजेतेही प्रेमाचेच होते. मॅक्सच्या काही शर्यती गाडीच्या बिघाडात गेल्या हेही खरं. पण त्याच प्रेमामध्ये त्याच वर्षी अंतोनिओ फुओको होता, फेरारीच्या अकादमीतला. तो पाचवा आला. हाच फुओको पुढे २०२४ला फेरारीकडून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकला. म्हणजे शेजारच्या गॅरेजमध्ये कुणी सामान्य ड्रायव्हर बसला नव्हता. गाडी चांगली होती म्हणून ओकॉन जिंकला असं म्हणायचं असेल, तर तीच गाडी हाती असलेला फुओको पाचवा का, याचं उत्तर द्या.

आणि ब्लोमक्विस्टचं तर कुणी नावच घेत नाही. दुसरा आला तो! कार्लिनकडून, सहा विजयांसह. १९८४चा रॅली जगज्जेता स्टिग ब्लोमक्विस्ट याचा हा मुलगा. पुढे त्याने डेटोनाची २४ तासांची शर्यत लागोपाठ दोन वर्षं जिंकली, २०२२ आणि २०२३.

त्या ग्रिडकडे आज मागे वळून पाहिलं की थक्क व्हायला होतं. अंतोनिओ जोविनात्सी, पुढे अल्फा रोमिओचा एफ-वन ड्रायव्हर आणि २०२३चा ल मान्स विजेता. जेक डेनिस, विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेचा २०२२-२३चा जगज्जेता. फेलिक्स रोझनक्विस्ट, ज्याने पुढच्याच वर्षी ही मालिका जिंकली आणि २०१७ला बर्लिनमध्ये आपल्या महिंद्राला फॉर्म्युला ईमधला पहिला विजय मिळवून दिला. आणि निकोलस लतिफी. हो, तोच. १२ डिसेंबर २०२१ला अबू धाबीमध्ये शेवटच्या काही लॅप उरल्या असताना ज्याची विल्यम्स कठड्यावर आदळली, सगळ्या गाड्या एकत्र आणणारी सेफ्टी कार बाहेर आली आणि मॅक्सचं पहिलं जगज्जेतेपद शक्य झालं, तो लतिफी २०१४ला ओकॉनचा संघसहकारी होता.

आता मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. ऑगस्ट २०१४मध्ये, हंगाम अजून चालू असताना, रेड बुलने मॅक्सला करारबद्ध केलं आणि आठवड्याभरात टोरो रोसो या आपल्याच दुसऱ्या एफ-वन संघाची २०१५ची सीट जाहीर केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुझुकाच्या सराव सत्रात तो एफ-वनची गाडी चालवत होता. सतरावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. त्यानंतर आठवड्याभराने इमोलाला, एक फेरी बाकी ठेवून, ओकॉनने विजेतेपद खिशात घातलं. त्याला काय मिळालं? अबू धाबीत लोटसबरोबर एक सराव सत्र, आणि पुढच्या वर्षी जीपी-३. म्हणजे जवळपास त्याच पायरीवर आणखी एक वर्ष.

ओकॉन ज्या घरातून आला होता ते घर लक्षात घ्या. वडिलांचं नॉर्मंडीतल्या एव्ह्रोला गॅरेज. मुलाचं कार्टिंग चालू राहावं म्हणून आईवडिलांनी राहतं घर विकलं आणि हे कुटुंब कॅराव्हॅनमध्ये राहिलं, त्यातच झोपून शर्यतीला जायचं. मॅक्सचे वडील एफ-वनचे ड्रायव्हर, आई कार्टिंगमधली नावाजलेली. यात मॅक्सचा दोष अजिबात नाही, मेहनत त्यानेही जीव तोडून केली. पण दोघांपैकी कुणाला एक अपयशी हंगामही परवडणार नव्हता, हे सांगायची गरज आहे का? गाडी शेवटपर्यंत शाबूत ठेवायची ही ओकॉनची सवय मला तिथूनच आलेली वाटते.

ती सवय पुढेही सुटली नाही. २०१५ची जीपी-३ त्याने जिंकली ती फक्त एका विजयावर, बाकी सगळा दुसऱ्या क्रमांकांचा ढीग. २०१६ला बेल्जियममध्ये मॅनरकडून एफ-वनमध्ये आला, २०१७ला फोर्स इंडियाच्या त्या गुलाबी गाडीत बसला. भारताच्या परवान्यावर धावणारा संघ, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. पदार्पणापासून ओळीने २७ शर्यती त्याने पूर्ण केल्या. पहिल्यांदा गाडी सोडावी लागली ती २०१७च्या ब्राझीलमध्ये. आणि बरोबर एका वर्षाने त्याच ब्राझीलमध्ये, एक लॅप मागे असताना, आघाडीवरच्या मॅक्सला त्याने धडक दिली. चूक ओकॉनचीच होती, शिक्षाही झाली. शर्यतीनंतर वजनकाट्याजवळ मॅक्सने त्याला ढकललं ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा पुष्कळांनी विचारलं, हा कोण ओकॉन? मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं, ज्याने तुमच्या मॅक्सला ३३ शर्यतींच्या हंगामात ६७ गुणांनी मागे टाकलं तो!

२०२१ला हंगेरीत अल्पीनमधून तो एफ-वनची शर्यत जिंकला. मागे सगळा वेळ फेट्टेल चिकटलेला, एकदाही दार उघडलं नाही.

मॅक्स लगेच एफ-वनमध्ये गेला ते योग्यच झालं, चार जगज्जेतेपदांनी ते सिद्ध केलं. त्याच्यानंतर एफआयएने १८ वर्षांची अट आणली, एफ-वनसाठी लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी ४० गुणांची पद्धत आणली. ठीक आहे. पण जिथे मॅक्स आणि ओकॉन या दोन्ही प्रकारच्या ड्रायव्हरांचा कस लागत होता, ती मालिकाच २०१८नंतर बंद केली, याचं मला जास्त वाईट वाटतं. आपला मुंबईचा जेहान दारूवालाही याच शाळेत शिकला. २०१७ला सहावा आला, नोरिसरिंगला जिंकला. २०१९पासून जीपी-३ आणि ही मालिका यांच्या जागी एकच एफआयए फॉर्म्युला थ्री आली. पहिल्या हंगामात शर्यती किती? १६! ३३च्या निम्म्याही नाहीत. एकाच बनावटीची इंजिनं, एफ-वनच्या वेळापत्रकात जागा मिळेल तेवढाच सराव, उलटी ग्रिड, आणि पाउ-नोरिसरिंगसारखी सर्किटं गायब. प्रेक्षक वाढले, एफ-वनच्या संघप्रमुखांना पोरं समोर दिसू लागली, हे फायदे मान्य. पण १६-२० शर्यतींत एक वाईट शनिवार-रविवार आला की वर्ष गेलं, आणि ज्याच्यामागे पैसा नाही त्याला दुसरं वर्ष मिळत नाही. २०१४चा ओकॉन आज सतरा-अठरा वर्षांचा असता तर त्याचा चिवटपणा दिसायला पुरेशा शर्यतीच त्याला मिळाल्या नसत्या.

त्या हंगामाच्या शर्यती यूट्यूबवर शोधून बघा. स्पा आणि नोरिसरिंग मॅक्ससाठी बघा, जरूर बघा. पण मग इमोलाही बघा. आणि ज्यांना अजूनही वाटतं की २०१४चा खरा चॅम्पियन मॅक्स होता, त्यांनी कमेंटमध्ये त्या उरलेल्या २३ शर्यतींवर बोलावं. मी उत्तर द्यायला बसलोय.