‘सतरा वर्षांचा बेल्ट अजून नवा दिसतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बेल्ट बदलण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, हे कबूल करतो. पण एका मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो आहे. त्याकडे येतोच, पण आधी बाकीचे हिशेब पुरे करू.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या १९९९ सालच्या फोक्सवागन टी-४ कॅलिफोर्निया या कॅम्पर व्हॅनचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनच्या क्रँकची फिरती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत नेणारा इंजिनाच्या पुढचा दातेरी पट्टा, मी ७८,००० किलोमीटरलाच बदलला. तुमचं म्हणणं, १,२०,००० चालणारी वस्तू आधीच फेकून देणं ही उधळपट्टी आहे आणि लोकांना घाबरवण्याचा धंदा आहे. तुमच्या टी-४चा बेल्ट सतरा वर्षांचा आहे आणि कव्हर काढून पाहिलंत तर नव्यासारखा दिसला. गावाकडे काकांची टेम्पो ट्रॅक्स चार लाख किलोमीटर धावली, तिचा बेल्ट कुणी बदलल्याचं ऐकिवात नाही. आणि इंजिनाच्या मागचा, डिझेलच्या इंजेक्शन पंपाचा दुसरा बेल्ट बदलताना मी फोटोत पुलीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतोय, ते काम तसं करत नाहीत.

काकांपासून सुरुवात करतो. त्यांच्या ट्रॅक्सचा बेल्ट कुणी बदलला नाही, कारण तिला टायमिंग बेल्ट नव्हताच. त्या काळच्या ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं, आणि त्यात साखळी असते. साखळी तेलात भिजत फिरते, आणि सैल झाली की खडखडून चार महिने आधी वर्दी देते. टाटा ४०७ मध्ये तर सरळ गिअर. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेस्त्रींचा ‘काही होत नाही हो’ हा अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या इंजिनांचा आहे. पहिल्या डिझेल इनोव्हाला बेल्ट आला, तर बदलायची आठवण द्यायला डॅशबोर्डवर स्वतंत्र दिवा द्यावा लागला. आपल्या टी-४ला तसा दिवा नाही.

आता किलोमीटर. १,२०,०००चा आकडा रोज धावणाऱ्या गाडीचा आहे. सामान पोचवणारी व्हॅन तो तीन-चार वर्षांत गाठते. माझ्या गाडीला ७८,००० व्हायला बारा वर्षं लागली, कारण वर्षातले सात-आठ महिने ती एका शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. उभ्या गाडीचा बेल्ट विश्रांती घेत नाही. तो ताणलेलाच असतो, आणि एकाच जागी, त्याच रोलरभोवती वाकलेला. वर थंडी, दमट हवा, आणि क्रँकच्या किंवा कॅमच्या सीलमधून पाझरलेलं थोडं तेल. मग एप्रिलमध्ये आपण किल्ली फिरवतो आणि पाच सिलिंडरचा झटका त्याच चार दातांवर येतो.

‘नव्यासारखा दिसतो’ याचं उत्तरही यातच आहे. कव्हर काढून दिसते ती बेल्टची पाठ, म्हणजे रबर. ताण सोसतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या, आणि त्या रबराच्या पोटात असतात. माझा काढलेला बेल्टही पाठीवरून छान होता, छापील अक्षरं वाचता येत होती. बोटांवर उलटा वाकवला तेव्हा तीन-चार दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा उघडल्या. ते बघायला बेल्ट काढावा लागतो, आणि काढल्यावर तोच परत कोण घालतो? शिवाय याच बेल्टवर वॉटर पंप चालतो. माझ्या पंपाच्या शाफ्टला हाताला कळेल एवढी ढिलाई होती आणि खाली कूलंटचे गुलाबी ओघळ वाळलेले होते. बेल्ट ठणठणीत असता तरी पंप जाम होऊन तो गेला असता.

गेला तर काय, हे तुम्हाला माहीत आहे, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १९.५ ला १. म्हणजे पिस्टन वर आला की डोक्याशी जागा जवळजवळ उरतच नाही. कॅम थांबला की जे व्हॉल्व्ह उघडे राहतील त्यांच्यावर पिस्टन आदळणार.

मागच्या बेल्टबद्दल मात्र मी जास्तच आरडाओरडा केला होता. तो फक्त इंजेक्शन पंप फिरवतो. तो तुटला तर डिझेल बंद होतं आणि इंजिन मुकाट्यानं थांबतं, आत काही मोडत नाही. पण तुम्ही जूनमध्ये नॉर्वेला निघालाय म्हणता. २४.५ किलोमीटरच्या लार्दाल बोगद्यात मुकाट्यानं थांबलेलं इंजिन कसं वाटेल, बघा बुवा.

पुढचा बेल्ट मी स्वतः का केला नाही, असंही विचारलंय. क्रँक पुलीच्या त्या एका बोल्टमुळे. तो ४६० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला ४७ किलोचा माणूस लटकवल्यासारखं. माझ्याकडे तेवढा पाना नाही, आणि अंगणात लटकायला तयार होईल असा माणूसही नाही. बायकोला विचारलं होतं.

आता माझी चूक. रंगाच्या खुणा. जुन्या पुलीवर खूण, पंपावर खूण, नवा बेल्ट त्याच खुणांवर चढवला की काम झालं, असं मी लिहिलं. यात गृहीत धरलेलं असतं की आधीचं टायमिंग बरोबर होतं. जुना बेल्ट ताणलेला असेल, किंवा आधीच्या माणसानं चुकीचं बसवलं असेल, तर आपण ती चूक इमानेइतबारे नव्या बेल्टवर उतरवतो. पंप पिनेनं लॉक करून बसवायचा, आणि मग गरम इंजिनावर लॅपटॉप लावून इंजेक्शनची सुरुवात, म्हणजे डिझेल फवारलं जाण्याचा क्षण, मोजायची. तुमची प्रतिक्रिया आल्यावर शनिवारी एका मित्राची केबल आणून मोजलं. सुरुवात उशिरा निघाली. सकाळी पहिल्या मिनिटाला येणारा पांढरा धूर मी महिनाभर ‘थंडी आहे’ म्हणून खपवत होतो, तो त्याचा होता. सेटिंग दुरुस्त केलं, आता धूर नाही. मूळ लेखातला तो परिच्छेद काढला नाही, खोडून खाली दुरुस्ती लिहिली आहे, कारण कुणी ते वाचून तसंच केलं असेल तर त्याला कळायला हवं.

राहिला तुमचा सतरा वर्षांचा बेल्ट. सुटे भाग मागवण्याआधी इंजिनावरची, त्याचा प्रकार सांगणारी तीन अक्षरं बघून घ्या. माझं एसीव्ही आहे. तुमचं बिनटर्बो २.४ लिटरचं निघालं तर किट वेगळं येईल आणि हे वरचे आकडे तसेच लावू नका. अक्षरं इथेच खाली लिहा. मी रात्री बघतो.