समुद्राच्या वाऱ्यावर विसंबू नका

हवेच्या प्रदूषणावरच्या लेखात म्हटलंय की मुंबईला समुद्राचा वारा आहे त्यामुळे दिल्लीएवढी काळजी नको, हे मला अजिबात पटलं नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबई-पुणे धरून १० शहरांचा अभ्यास आला होता, २००८ ते २०१९ मधले ३६ लाख मृत्यू घेतले आणि रोजचे मृत्यू त्या दिवसाच्या आणि आदल्या दिवसाच्या सरासरी पीएम २.५ शी (हवेतले अतिसूक्ष्म कण) ताडून बघितले, तापमानाचा परिणाम वेगळा काढून. घनमीटर हवेत हे कण १० मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्यू साधारण १.४ टक्के वाढतात असं निघालं. पण खरी गोष्ट पुढेच आहे, प्रदूषण आणि मृत्यूंचा आलेख सरळ रेषेत जातच नाही, प्रदूषणाच्या खालच्या पातळीवर तो जास्त चढा आहे, म्हणून तेवढ्याच वाढीचा फटका मुंबई, बंगळुरूला दिल्लीपेक्षा जास्त बसतो! आपलं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं १५, म्हणजे ५५ असलं तरी हवेची गुणवत्ता दाखवणारं ॲप ‘समाधानकारक’ म्हणणार. आमच्याकडे गोवंडीत खिडकीची जाळी सकाळी पुसली तरी संध्याकाळी फडकं परत काळं होतं आणि आईचा श्वासाचा पंप (इनहेलर) कायम उशाशी, ॲप हिरवं असतं त्या दिवशीपण तिला तो दोनदा घ्यावा लागतो.