‘तुम्ही आमच्यावरच खापर फोडलंत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया त्याच रात्री वाचली. घाईने काही लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबले.

आयसीयूतल्या भ्रमावर, म्हणजे आजारपणात अचानक मन गोंधळून जाण्यावर (डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात), मी जो लेख लिहिला, त्याखाली तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत. फुप्फुसाचा कॅन्सर, नऊ दिवस आयसीयू, पाचव्या दिवसापासून बरळणं. तुमच्याकडे बोट दाखवून ते ‘ही चोर आहे, हिला बाहेर काढा’ म्हणाले, आणि मग शुद्धीवर न येताच गेले. तुमचं म्हणणं असं, की घरच्यांनी जवळ बसावं असं लिहून मी दोष नातेवाइकांच्या माथी मारला, तुम्हाला तर दिवसातून दोनदा दहा मिनिटंच आत सोडत होते. दुसरं, शेवटच्या स्टेजच्या पेशंटमध्ये ‘कारण शोधा’ म्हणणं ही खोटी आशा आहे. आणि तिसरं, पेशंटला शांत करणाऱ्या इंजेक्शनांविरुद्ध लिहून मी लोकांना घाबरवते.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘आपलं माणूस उशाशी असलं की भ्रम होत नाही’ हे माझं वाक्य चूक होतं. अमेरिकेत वॉर्डातल्या वयस्कर पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला होता, 1999 साली प्रसिद्ध झालेला. चष्मा, कानाचं मशीन, रात्रीची झोप, चालवणं, गप्पा, सगळं नीट सांभाळलं तेव्हा भ्रमाचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. म्हणजे इतकं करूनही शंभरातल्या दहा जणांना तो झालाच. आयसीयूत तर चित्र आणखी कठीण. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या 821 गंभीर पेशंटवर अभ्यास केला, तो 2013 साली आला. त्यातल्या 74 टक्के पेशंटना हॉस्पिटलमध्ये असताना कधी ना कधी भ्रम झाला. तुम्ही दहा मिनिटांऐवजी दहा तास बसला असतात, तरी तो टळलाच असता असं कुणी म्हणू शकत नाही. मी ते लिहायला नको होतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी माझ्या जागी ठाम आहे.

मी 28 वर्षं कॅन्सरच्या आयसीयूत सिस्टर होते. सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई सांगते. स्तनाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. आरडाओरडा नाही, नळ्या ओढणं नाही. डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली की बघायची, पुन्हा कुशीवर. चादरीचा काठ चिमटीत धरून सारखी काहीतरी वेचत असायची. सलग तीन रात्री मी चार्टवर लिहिलं : ‘पेशंट शांत, झोपलेली.’ चौथ्या दिवशी तिची बहीण भेटायला आली आणि दारातच म्हणाली, ‘सिस्टर, ही अशी गप्प बसणारी नाही हो. ही झोपेतसुद्धा बोलते.’ मी डॉक्टरांना बोलावलं. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. सलाईन आणि कॅल्शियम उतरवणारं औषध सुरू झालं, आणि चार दिवसांनी तिने डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, ‘माझं मंगळसूत्र कुणाकडे दिलंय?’ कॅन्सर होता तिथेच होता. पण त्यानंतर ती घरी गेली आणि घरच्यांशी बोलली.

त्या तीन रात्री मी विसरलेली नाही. भ्रम म्हणजे ओरडणं, असं माझ्या डोक्यात होतं. गप्प पडून राहणारा भ्रम जास्त आढळतो आणि जास्त हुकतो, हे मला तिच्या बहिणीमुळे कळलं.

कॅन्सरच्या पेशंटमध्ये कारणं पुष्कळ असतात. किडनी मंदावली की मॉर्फिनचे अंश अंगात साठतात. सोडियम उतरतं. पांढऱ्या पेशी घटल्यावर जंतुसंसर्ग रक्तात जातो. इफॉस्फामाइडसारखं केमोचं औषध थेट मेंदूला त्रास देतं, स्टेरॉइडही तसाच त्रास देतात. कधी कॅन्सर मेंदूत पोचलेला असतो. आणि कधी नुसती कॅथेटरची नळी पायाखाली दुमडलेली असते, लघवी तुंबते आणि म्हातारा माणूस ‘बैल सुटले, बैल सुटले’ म्हणून पलंगावरून उतरायला बघतो. नळी सरळ केली, पोट हलकं झालं की अर्ध्या तासात निवळलेला मी पाहिलाय.

कॅनडातल्या एडमंटनला बळावलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर, आयसीयूत नव्हे तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या वॉर्डात, अभ्यास झाला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. भ्रमाचे जवळजवळ निम्मे प्रसंग उलटवता आले. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जे तिथे दगावले, त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना जाण्याआधी भ्रम होताच. दोन्ही खरं आहे. वडिलांचा भ्रम दुसऱ्या प्रकारचा असेल, आणि मग तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही, तुमचं तर नाहीच. पण पाचव्या दिवशी ते कुणालाच आधी माहीत नसतं. म्हणून शोधायचं.

इंजेक्शनांबद्दल. ‘देऊ नका म्हणून अडून बसा’ असं मी लिहिलं नव्हतं, पण वाचताना तसा अर्थ निघत असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा. 2018 साली आलेल्या मोठ्या चाचणीत हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाने भ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत, हे खरं. मिडाझोलाम, लोराझेपाम या गुंगीच्या औषधांनी भ्रम वाढू शकतो, हेही खरं. पण माणसाला भिंतीवर साप दिसतायत, तो थरथर कापतोय, श्वासाची नळी उपसायला बघतोय, तेव्हा त्याची भीती कमी करणं हेच काम असतं. शेवटच्या दिवसांत तर नक्कीच. वडिलांना तसं इंजेक्शन दिलं असेल, तर ते योग्यच होतं.

आता ‘चोर’. तुमच्या प्रतिक्रियेत हा शब्द तीनदा आलाय.

डिलिरियम हा शब्द लॅटिनमधून आला. नांगराने तास, म्हणजे शेतातली सरळ रेघ, सोडणं, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणतात. तास सुटलेल्या मनाला तिथे काय दिसतं ते बघा : रात्रंदिवस ट्यूबलाइट, दर दोन मिनिटांनी वाजणारा मॉनिटर, चष्मा नाही, कवळी डब्यात, मास्क लावलेली माणसं येऊन हात धरतात आणि सुई टोचतात. त्यातून बाहेर आलेल्या पेशंटनी मला नंतर सांगितलंय, ‘सिस्टर, तुम्ही मला विकायला नेताय असं वाटत होतं.’ मी त्यांना आंघोळ घालत होते तेव्हा. वडिलांनी ज्या बाईला चोर म्हटलं ती तुम्ही नव्हतात. त्यांच्या भीतीला त्या क्षणी जो चेहरा समोर सापडला, तो तुमचा होता. आणि समोर होता, कारण तुम्ही त्या दहा मिनिटांत आत गेला होतात.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज काढलं. त्याच्या जागी असं लिहिलंय : ‘भेटीची वेळ दहा मिनिटांचीच असेल तर सिस्टरला सांगा, की हा माणूस घरी कसा बोलतो, कसा झोपतो, आणि आज काय वेगळं दिसतंय. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरून आणून द्या. एवढं सगळं करूनही भ्रम झाला तर तो तुमच्यामुळे झालेला नाही.’ वाचून बघा. अजून काही खटकलं तर सांगा, बदलेन.