एअरपोर्ट हॉटेल: खोलीचा भाव पाहू नका, टर्मिनलच्या दारापर्यंतचा हिशेब मांडा

पहाटेचं विमान पकडायचं असो, नाहीतर मध्यरात्री उतरून सकाळी पुढचं विमान असो, बहुतेक लोक एअरपोर्ट हॉटेल एकाच पद्धतीने शोधतात. अ‍ॅपवर विमानतळाचं नाव टाकायचं, कमी भाव आधी असा क्रम लावायचा आणि वरून पहिलं जे बरं दिसेल ते बुक करून मोकळं व्हायचं. माझं स्पष्ट मत सांगतो, ही सगळ्यात महाग पद्धत आहे. सुट्टीवर गेल्यावर हॉटेल दोन किलोमीटर इकडेतिकडे असलं तर काही बिघडत नाही. इथे मात्र पाच-सहा तासांची झोप आणि वेळेवर काउंटरला पोचण्याची खात्री एवढंच हवं असतं, आणि त्या दोन्हींचा खोलीच्या भावाशी फारसा संबंध नाही.

आधी नावाचं बघू. हॉटेलच्या पाटीवर 'एअरपोर्ट' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. इस्तंबूलची प्रवासी विमानं एप्रिल २०१९ मध्ये जुन्या अतातुर्क विमानतळावरून नव्या विमानतळावर गेली. या दोन विमानतळांत सरळ रेषेतही ३० किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि जुन्याच्या आजूबाजूची हॉटेलं काही उठून तिकडे गेली नाहीत. बर्लिनचा टेगेल नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला, तिथेही तीच गत. शिवाय लंडन, तोक्यो, बँकॉक, इस्तंबूल अशा शहरांना एकाहून जास्त विमानतळ आहेत. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ तर फ्रँकफर्टपासून शंभर किलोमीटरच्याही पलीकडे आहे. म्हणून शोधताना शहराचं नाव टाकूच नका. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि टर्मिनलचा नंबर आधी लिहून घ्या, आणि नकाशावर ते टर्मिनल मध्यभागी ठेवून शोधा.

आता अंतर. अ‍ॅपवर 'विमानतळापासून १.५ किमी' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सरळ रेषेतलं, आणि तेही विमानतळाच्या नकाशावरच्या एखाद्या मधल्या बिंदूपासून. मोठ्या विमानतळाची धावपट्टी तीन ते चार किलोमीटर लांब असते. हॉटेल धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला असलं की तुमच्या दीड किलोमीटरला पूर्ण वळसा पडतो आणि रस्त्याने ते आठ-दहा किलोमीटर भरतं. खिडकीतून विमानाच्या शेपटीवरचा लोगो वाचता येतो, पण टर्मिनलला जायला टॅक्सी लागते! चालत जाऊ म्हणाल तर कित्येक ठिकाणी मध्ये हायवे असतो आणि फूटपाथ नसतो. उपाय सोपा आहे. नकाशावर हॉटेल ते तुमचं टर्मिनल असा रस्ता काढा, निघायची वेळ खरीखुरी म्हणजे पहाटे चार वगैरे टाका, आणि गाडीचा, चालण्याचा, सार्वजनिक वाहनाचा असे तिन्ही पर्याय बघा. टर्मिनल नेमकं कुठलं हेही महत्त्वाचं. लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल २ आणि ३ एकत्र आहेत, ४ आणि ५ वेगळीकडे. पाचला जोडलेलं हॉटेल घेऊन विमान चारवरून असेल, तर जास्तीचे पैसे मोजूनही पहाटे आणखी एक प्रवास आलाच.

मग येतं शटल. 'फ्री शटल' हे दोन शब्द वाचून निर्धास्त होऊ नका, बुकिंग करण्याआधी हॉटेलला मेसेज किंवा फोन करून नीट विचारा. शटल चोवीस तास आहे का, नसेल तर पहिली किती वाजता आणि शेवटची किती वाजता? ठरलेल्या वेळांना सुटते की फोन केल्यावर येते? माणशी पैसे आहेत का? सगळ्या टर्मिनलना जाते का, आणि विमानतळावर नेमकी कुठे थांबते? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग रात्री साडेबाराला सामान घेऊन चुकीच्या मजल्यावर उभे राहतात. कित्येक विमानतळांवर हॉटेलच्या गाड्यांचा थांबा आगमनाच्या दारासमोर नसून पार्किंगच्या इमारतीत किंवा बसस्टँडवर असतो. एकच गाडी चार-पाच हॉटेलांत फिरत असेल तर दहा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांचा होतो. पहाटेच्या फेऱ्यांना जागाही मोजक्याच असतात, काही ठिकाणी आदल्या रात्री रिसेप्शनवर नाव नोंदवावं लागतं. अलीकडचे रिव्ह्यू उघडून त्यात 'शटल' शब्द शोधा. हॉटेलच्या वर्णनातून कळत नाही ते दहा मिनिटांत कळेल. तीन वर्षांपूर्वीचे रिव्ह्यू सोडून द्या, गाडीचं कंत्राट मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

आता हिशेब. कुठलंही चलन धरा. 'अ' हॉटेल टर्मिनलला चिकटलेलं, सगळे कर धरून १००. 'ब' हॉटेल ७०, पण कर आणि शुल्क मिळून आणखी १०, आणि शटल माणशी एका वेळचे ५. एकटा माणूस जाऊन-येऊन १० देईल, म्हणजे ९०. इथे 'ब' स्वस्त. तिघांचं कुटुंब असेल तर शटलचेच ३० होतात आणि एकूण ११०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घरून येऊन पहाटे विमान पकडायचं असेल तर शटल एकाच बाजूची धरा: तिघांचे १५, एकूण ९५. मग पाच वाचवण्यासाठी अर्धा तास झोप घालवायची का, हे तुम्ही ठरवा. माझं उत्तर 'नाही' आहे. तिघांची सोय एका खोलीत होते का, जादा खाटेचे पैसे वेगळे आहेत का, हेही याच बेरजेत घाला.

या बेरजेत नाश्ता मात्र धरू नका. पहाटे चारला निघणाऱ्याने नाश्त्यासकटचा दर घेणं म्हणजे पैसे फेकणं, कारण पुष्कळ हॉटेलांत नाश्ता इतक्या लवकर सुरू होत नाही. दर नाश्त्यासकटच मिळत असेल तर आदल्या रात्री डबा बांधून मागा, पुष्कळ हॉटेलं देतात. दुसरीकडे, स्वतःची गाडी आणून विमानतळावर आठवडाभर ठेवणार असाल तर 'एक रात्र आणि पार्किंग' अशी पॅकेजं जरूर बघा. काही ठिकाणी विमानतळाच्या पार्किंगचा आठवड्याचा खर्च अशा पॅकेजपेक्षा जास्त असतो, म्हणजे खोली फुकटात पडते. फक्त किती दिवस, गाडी हॉटेलच्या आवारात की दुसऱ्याच कुठल्या मैदानात, आणि परतीची शटल धरली आहे का, हे लेखी घ्या.

तारखेचा घोळ हा या विषयातला सगळ्यात महाग घोळ आहे. विमान १३ तारखेला रात्री दीडला उतरतं. खोली कुठल्या तारखेची घ्यायची? १२ ची. १३ ची घेतलीत तर खोली १३ ला दुपारी दोन-तीनला मिळेल आणि तुम्ही पहाटे लॉबीत बसाल. आता १२ ची घेतली आणि पोचायला रात्रीचे अडीच झाले, तर दुसरा धोका. हॉटेलं मध्यरात्रीनंतर केव्हातरी दिवसाचा हिशेब बंद करतात, आणि तोवर न आलेला पाहुणा 'नो-शो' धरला जाऊ शकतो. पैसे कापले जातात, आणि हॉटेल भरलेलं असेल तर खोलीही दुसऱ्याला जाते. म्हणून बुकिंगच्या विनंतीच्या रकान्यात विमानाचा नंबर आणि पोचण्याची वेळ तारखेसकट लिहा, आणि आदल्या दिवशी फोन करून 'उशिरा येणार, खोली ठेवा' असं सांगा. अ‍ॅपवर लिहिलेलं रिसेप्शनपर्यंत पोचतंच असं नाही.

बुकिंग कधी करायचं? रद्द करता येणारी खोली तिकीट काढल्याबरोबर घेऊन टाका, आणि मग अधूनमधून तीच तारीख पुन्हा तपासा. भाव उतरला तर नवीन बुकिंग करा, ते पक्कं झाल्यावरच जुनं रद्द करा, उलट्या क्रमाने कधीच नको. ऐनवेळी स्वस्त मिळेल या आशेवर थांबणं इथे मला पटत नाही. एरवी ऐनवेळी भाव उतरतातही, पण वादळ, धुकं, संप असं काही झालं की शेकडो प्रवासी एकदम अडकतात आणि सगळ्यात आधी विमानतळाभोवतीच्या खोल्या संपतात. कामानिमित्त फिरणाऱ्यांची गर्दी असलेल्या विमानतळांवर सोमवार ते गुरुवार भाव चढे आणि शुक्रवार-शनिवार उतरते असं पुष्कळदा दिसतं, सुट्टीच्या ठिकाणांच्या अगदी उलट. तारीख हातात असेल तर याचा उपयोग करून घ्या.

नॉन-रिफंडेबल दराबद्दल माझं मत कडक आहे. दहा-पंधरा टक्के वाचतात म्हणून लोक तो घेतात. पण या खोलीची गरजच मुळी विमानाच्या वेळेवर टांगलेली असते, आणि ती वेळ तुमच्या हातात नाही. विमान कंपनीने पहाटेचं विमान दुपारी ढकललं की खोलीची गरज संपते, पैसे मात्र गेलेले असतात. तिकीट विमान कंपनी बदलून देईल, हॉटेलची भरपाई ती सहसा देत नाही. उद्याचंच विमान असेल आणि वेळ पक्की असेल तर नॉन-रिफंडेबल घ्यायला हरकत नाही. तीन महिने आधी घेणं हा जुगार आहे. 'फ्री कॅन्सलेशन' असेल तरी मुदतीची तारीख आणि तास दोन्ही वाचा. ती मुदत सहसा हॉटेलच्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते, तुमच्या नाही.

भाव तुलना करायला गूगल हॉटेल्स, कायाक, ट्रिवागो बरे. एका नजरेत अंदाज येतो. पण तिथून थेट बुक न करता तोच दर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर बघा. मोठ्या हॉटेल-साखळ्यांची सदस्यता फुकट असते आणि सदस्यांचा दर अनेकदा थोडा कमी असतो. भाव सारखाच असेल तर मी थेट हॉटेलकडेच बुक करा म्हणेन, कारण विमान चुकलं, तारीख बदलली तर रिसेप्शनचा माणूस स्वतः बदल करू शकतो. मधल्या साइटवरून बुक केलं असेल तर 'त्यांच्याशी बोला' हे उत्तर मिळतं, आणि रात्री दोनला त्यांच्या हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसणं काही मजेचं नाही. मात्र मधल्या साइटवरचा भाव खरोखर बराच कमी असेल तर घ्या, तिथे निष्ठा दाखवायचं कारण नाही. तुलना करताना शेवटच्या पानावरचा, सगळे कर धरलेला आकडाच धरा. अमेरिकेत मे २०२५ पासून सक्तीची शुल्कं जाहिरातीतल्या किमतीतच दाखवावी लागतात, तरी सरकारी कर तिथेही नंतर जोडलेले असू शकतात. पैसे देताना मशीनने 'तुमच्या चलनात की इथल्या?' असं विचारलं तर तिथल्याच चलनात द्या, नाहीतर विनिमय दरात गुपचूप कात्री लागते. आणि अनामत रकमेसाठी डेबिट कार्ड देऊ नका, अडकलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात.

दोन विमानांमध्ये दिवसा सात-आठ तास असतील तर पूर्ण रात्रीचे पैसे भरू नका. 'डे यूज', म्हणजे दिवसाच्या काही तासांपुरता दर विचारा. न्यूयॉर्कच्या जेएफकेवरचं टीडब्ल्यूए हॉटेल, १९६२ च्या जुन्या टर्मिनलमध्ये २०१९ साली सुरू झालेलं, तेही दिवसाच्या काही तासांसाठी खोली देतं. सिंगापूरच्या चांगीवर किंवा दोहाच्या हमदवर इमिग्रेशनच्या आतच हॉटेलं आहेत, तिथे व्हिसाची भानगड नाही. पण अशा आतल्या हॉटेलात जायचं तर पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास हवा आणि सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग झालेलं हवं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील आणि बॅग पट्ट्यावरून उचलायची असेल, तर बाहेर पडावंच लागतं, व्हिसा असो वा नसो. इस्तंबूलच्या नव्या विमानतळावर योटेल साखळीच्या हॉटेलाचे दोन भाग आहेत, एक आत आणि एक बाहेर, तेव्हा बुक करताना कुठला निवडताय ते बघा. अमेरिकेत तर हा प्रश्नच येत नाही, तिथे पुढे दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाही इमिग्रेशन करावंच लागतं. आतल्या हॉटेलात चेक-इन केलेली बॅग मिळत नाही, त्यामुळे औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवा.

खिशातून पैसे काढण्याआधी हेही बघा की खोली द्यायची जबाबदारी विमान कंपनीची तर नाही ना. काही कंपन्या लांबलचक ट्रान्झिटला फुकट हॉटेल देतात, पण अट बहुधा अशी की जवळचं दुसरं जोडविमान उपलब्ध नसावं, आणि कधीकधी आधी अर्ज करावा लागतो. युरोपियन युनियनमधून निघणारं विमान रद्द होऊन रात्र काढावी लागली तर २६१/२००४ या नियमाप्रमाणे हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीने द्यायची असते, कारण खराब हवामान असलं तरीही. काउंटरवर कुणी सोय करत नसेल तर वाजवी दराची खोली स्वतः घ्या आणि हॉटेल, टॅक्सी, जेवण सगळ्यांच्या पावत्या जपून ठेवा.

खोलीचं सांगायचं तर धावपट्टीच्या विरुद्ध बाजूची, लिफ्टपासून लांबची मागा. चेक-इन करताना तीन गोष्टी एकदमच उरकून घ्या: पहाटेच्या शटलमध्ये माणसं आणि बॅगा दोन्ही सांगून नाव नोंदवा, वेक-अप कॉल लावा, आणि बिल रात्रीच चुकतं करा, म्हणजे सकाळी रिसेप्शनवर एकटा माणूस आणि समोर वीस जणांची रांग असली तरी खोलीचं कार्ड पेटीत टाकून थेट गाडीत बसता येतं.